कोडमधलं नाव आणि साठ्यातलं नाव

मोबाइल ॲप लिहिताना आपण प्रत्येक फील्डला एक नाव देतो. फोनमधल्या डेटाबेसात तीच माहिती एका कॉलमच्या नावाखाली साठते. ही दोन नावं एकच असावी लागतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं बंधन नाही, आणि हे माहीत नसलं की नुकसान होतं ते ॲप वापरणाऱ्याचं.

आधी घरचं उदाहरण घेऊ. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. विद्यापीठ १९९० चं. म्हणजे मधल्या वर्षांच्या पदव्यांवर जुनंच नाव आहे. त्या पदव्या कोणी नव्यानं छापल्या नाहीत. 'ते विद्यापीठ म्हणजेच हे' एवढं मान्य केलं की काम भागतं. धुळे स्टेशनचंही तसंच. पाटीवर 'धुळे', पण रेल्वेचा कोड अजून 'डीएचआय', जुन्या 'धुलिया'ची आठवण ठेवणारा. या 'ते म्हणजेच हे' अशा नोंदीला आपल्या धंद्यात मॅपिंग म्हणतात.

आता समजा, रावेरकडच्या केळी उत्पादकांसाठी तुम्ही अँड्रॉइडवर हिशेबाचं ॲप केलंय. कटाईची तारीख, वजन आणि 'रेट'. हा रेट क्विंटलचा. वर्षभरानं कोड वाचणारा नवा मुलगा विचारतो, "सर, रेट कशाचा?" प्रश्न बरोबर आहे. म्हणून तुम्ही फील्डचं नाव 'क्विंटलभाव' करता.

इथे गडबड होते. तुम्ही वेगळं काही सांगितलं नसेल, तर रूम ही लायब्ररी फील्डचं नाव हेच कॉलमचं नाव धरते. रचना बदलली पण आवृत्ती क्रमांक तोच, हे तिच्या लक्षात येतं आणि ॲप उघडताच बंद पडतं. घाईत आपण क्रमांक वाढवतो. मग ती मायग्रेशन मागते. तेव्हा कुठूनतरी 'फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन' ही ओळ आणून चिकटवतो. ॲप चालू! पण या ओळीचा अर्थ असा, की मायग्रेशन सापडली नाही तर जुने तक्ते पुसून नवे कर. आपल्या फोनवर चार खोट्या नोंदी, त्यामुळे कळत नाही. शेतकऱ्याच्या फोनवर मात्र वर्षाचा हिशेब असतो, आणि दुसरीकडे प्रत नसेल तर तो गेलाच.

उपाय एका ओळीचा आहे. फील्डच्या वर 'कॉलमइन्फो' ही खूण लावून तिच्यात जुनं नाव 'रेट' द्यायचं. कोडमध्ये 'क्विंटलभाव', साठ्यात 'रेट'. साठ्याची रचना बदललीच नाही, म्हणून क्रमांक वाढवायला नको, मायग्रेशनही नको. रेल्म वापरत असाल तर कॉटलिनमध्ये 'पर्सिस्टेडनेम' आणि डॉटनेटमध्ये 'मॅपटू' हेच काम करतात.

दोन गोष्टी सांभाळा. पहिली, रूममध्ये क्वेरी लिहिताना एसक्यूएलला कॉलमचंच नाव कळतं. तिथे 'रेट'च लिहायचं. 'क्विंटलभाव' लिहिलंत तर कोड कंपाइलच होणार नाही. ते बरंच आहे, चूक आपल्या टेबलावरच सापडते.

दुसरी जास्त महत्त्वाची. मॅपिंग नाव जोडतं, अर्थ जोडत नाही. उद्या क्विंटलऐवजी किलोचा भाव साठवायचा ठरलं आणि तो 'रेट'मध्येच टाकलात, तर जुने आकडे क्विंटलचे, नवे किलोचे, अशी खिचडी होईल. ॲप बंद पडणार नाही, फक्त हिशेब चुकेल. अर्थ बदलला की नवा कॉलम करा आणि मायग्रेशन लिहा.

आणि साठ्यातलंच नाव बदलायचं असेल तर? एसक्यूएलाइटमध्ये कॉलमचं नाव बदलायची सोय ३.२५ या आवृत्तीपासून, २०१८ साली आली; अँड्रॉइडसोबत ती ११ पासून मिळते. त्याआधीच्या फोनवर नवा तक्ता करायचा, नोंदी त्यात उतरवायच्या, जुना काढायचा आणि नव्याला जुन्याचं नाव द्यायचं. होतं सगळं, पण नुसत्या वाचायच्या सोयीसाठी एवढा खटाटोप कशाला?

थोडक्यात, कोडमधलं नाव आपल्या सोयीचं, ते खुशाल बदला. साठ्यातल्या नावाखाली दुसऱ्याची कमाई लिहिलेली असते. त्याला हात लावण्याआधी, जुन्या नोंदी भरलेल्या फोनवर एकदा ॲप चालवून बघा.