ब्लडप्रेशर उतरले, तर गोळीचे काय?



ऊसनोंदीसाठी आम्ही गटागटांत फिरतो, तेव्हा हल्ली बांधावर उसाइतकीच ब्लडप्रेशरची चर्चा निघते. काहीजण मशीनवर आकडा कमी दिसला की "बरे झालो" म्हणून गोळी बंद करतात. काहीजण डोळ्यांपुढे अंधारी येत असतानाही गोळी गिळत राहतात. दोन्ही वाटा धोक्याच्या. आम्ही डॉक्टर नव्हे, डिप्लोमा शेतकीचाच. पण डॉक्टर मंडळींकडून समजून घेतले ते देत आहोत.

साधारणतः ९०/६० च्या खाली आकडा गेला तर दाब कमी समजतात. पण एकाच आकड्यावर जाऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून बसावे, मग मोजावे. नंतर उभे राहून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तोल जाण्याची भीती असते. रात्रीच्या लाईटवर पाणी धरायला अंथरुणातून उठून तडक विहिरीकडे जाणाऱ्यांनी हे जरूर तपासावे. आधी बसावे, पाय हलवावेत, मगच उठावे.

उन्हातला घाम, जुलाब-उलट्या, कडक उपास, घटलेले वजन, प्रोस्टेटच्या काही गोळ्या, यांनी दाब उतरतो. अंगातले पाणी आटलेले आणि वरून लघवीची गोळी चालू, म्हणजे सुकलेल्या रानाला पुन्हा चर काढण्यातला प्रकार! लघवीची गोळी किंवा टेल्मिसार्टन चालू असताना जुलाब लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. अशा वेळी ती काही दिवस थांबवावी लागू शकते. त्यावर अंगदुखीची डायक्लोफिनॅक घेऊ नये, मूत्रपिंडाला इजा होते.

अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांचे वेगळे. ती एकदम सोडली तर दाब उसळतो, हृदयविकार असलेल्यांना झटकाही येऊ शकतो. डॉक्टरच ती हळूहळू उतरवतात. म्हणून आकडा कमी आणि चक्कर असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करावा.

चक्कर आली तर आहे तिथेच आडवे व्हावे, पाय उंच ठेवावेत. शुद्ध हरपली, छातीत दुखले, बोलणे अडखळले किंवा शौच काळी झाली, तर लगेच दवाखाना गाठावा.

पाण्याच्या पाळ्या लिहिता त्याच वहीत आकडा, वेळ व गोळी लिहावी. दवाखान्यात जाताना वही आणि सगळी पाकिटे न्यावीत. "ती बारकी पांढरी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही.