पुसायचं नाही, कंस करायचा

2012च्या सुमारास आमच्या पुण्यातल्या लहानशा ऑफिसात इमारतींची सगळी मॉडेलं सर्व्हरवरच्या एकाच सामायिक ड्राइव्हवर असत. एका शनिवारी जागा कमी पडू लागली म्हणून जुनी वाटणारी एक रेव्हिट फाईल मी डिलीट मारली. नेटवर्क ड्राइव्हवरून उडवलेली फाईल आपल्या रीसायकल बिनमध्ये येत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं. शेवटचा बॅकअप आदल्या सोमवारचा होता. चार जणांचं आठवड्याचं काम गेलं. ती फाईल कोणी काढली आणि का काढली, याची नोंद कुठेही नव्हती. मी कबूल केलं म्हणून इतरांना समजलं.

तेव्हापासून मॉडेल काढून टाकण्याकडे मी धसक्यानेच पाहत आलो आहे. या वर्षांत त्या कामाचा अर्थच बदलला, आणि तो चांगल्या दिशेने बदलला.

2016 हे वळणाचं वर्ष. ब्रिटनने त्या एप्रिलपासून केंद्र सरकारच्या बांधकामांसाठी बिमची, म्हणजे इमारतीची माहिती मॉडेलमधून हाताळण्याच्या पद्धतीची, दुसरी पातळी बंधनकारक केली आणि तिकडच्या प्रकल्पांची मॉडेलं आमच्याकडेही येऊ लागली. त्याच सुमारास ऑटोडेस्कचा फोर्ज हा एपीआय-संच आणि बिम 360 डॉक्स हा फाईलींचा क्लाउड-साठा आमच्या हाती आला. फाईल चढवणं, यादी काढणं, आवृत्त्या पाहणं ही कामं एपीआयमधून, म्हणजे थेट प्रोग्रामकडून, होऊ लागली. मग साफसफाईही स्क्रिप्टनेच करू, असं आम्ही ठरवलं.

वेबच्या भाषेत काढून टाकायला ‘डिलीट’ ही सरळ आज्ञा असते. डॉक्समधल्या फाईलसाठी मी ती शोधली आणि ती मिळाली नाही. तिथे फाईल हटवायची म्हणजे तिची एक नवी आवृत्ती जोडायची, जिचा प्रकारच ‘डिलीटेड’ असतो. पाच आवृत्त्या असतील तर सहावी सांगते की ही फाईल आता वापरात नाही. नेहमीच्या यादीतून फाईल दिसेनाशी होते, पण आधीच्या पाच आवृत्त्या राहतात आणि अधिकार असलेल्या माणसाला ती परत आणता येते.

सुरुवातीला मला हा द्राविडी प्राणायाम वाटला. मग आजोबांचा सातबारा आठवला. त्यावरचं नाव कमी करताना ते खरवडून काढलेलं नव्हतं. नावाला कंस केलेला होता आणि शेजारी फेरफार क्रमांक होता. त्या क्रमांकावरून गाव नमुना 6 मध्ये गेलं की कारण सापडतं. डॉक्सची ती सहावी आवृत्ती म्हणजे असाच एक फेरफार.

खरी पुसापुशी मात्र त्याच एपीआय-संचात, शेजारच्याच दालनात होती. आपल्या ॲपने स्वतःच्या बकेटमध्ये, म्हणजे साठवणीच्या कप्प्यात, ठेवलेल्या फाईलवर ‘डिलीट’ थेट चालते. बकेट तयार करतानाच मुदत निवडावी लागते: ट्रान्झियंट म्हणजे 24 तास, टेम्पररी म्हणजे 30 दिवस, पर्सिस्टंट म्हणजे आपण काढेपर्यंत. हटवण्याचा तिसरा प्रकार ब्राउझरमध्ये मॉडेल दाखवण्यासाठी झालेल्या रूपांतराचा. त्याचा मॅनिफेस्ट, म्हणजे रूपांतरांची नोंद, हटवला तर रूपांतरं जातात, मूळ फाईल राहते. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ ज्याच्या डोक्यात वेगळे नाहीत, त्याने स्क्रिप्टला हात लावू नये.

इमारतीची माहिती हरवणं किती गंभीर आहे, हे बाहेरच्या जगानेही त्याच काळात शिकवलं. 14 जून 2017ला लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळाला, 72 माणसं गेली. पुढच्या मे महिन्यात, आगीनंतर सरकारने नेमलेल्या ज्युडिथ हॅकिट यांच्या अहवालाने इमारतीच्या माहितीचा सलग ‘सोनेरी धागा’ जपण्याची शिफारस केली; 2022च्या ब्रिटिश कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी ती जबाबदारी ठरवली. 2018 अखेर आलेल्या आयएसओ 19650 या बिमच्या मानकातही माहितीच्या वाटचालीला कचराकुंडी नाही. काम चालू, शेअर्ड, पब्लिश्ड, आणि शेवटी अर्काइव्ह.

हे सगळं माहीत असूनही 2019 मध्ये आमचा हात घसरला. चाचणीची मॉडेलं हटवणारी स्क्रिप्ट आम्ही फाईलच्या नावावर चालवली. स्ट्रक्चरल मॉडेलचं तेच नाव शेअर्ड फोल्डरमध्येही होतं. सोमवारी समन्वयाच्या बैठकीत आर्किटेक्टचं मॉडेल उघडलं तेव्हा लिंक तुटलेली, खांब-तुळया गायब. तासाभरात फाईल परत आली, कारण ती पुसली गेलीच नव्हती. पण स्क्रिप्ट कोणी चालवली हे शोधायला दुपार गेली. आम्ही टू-लेगेड टोकन वापरलं होतं. नोंदीत माणसाचं नाव नव्हतं, ॲपचं होतं.

त्या सोमवारी घातलेली शिस्त आम्ही आजही पाळतो. फाईल नावाने ओळखायची नाही, तिच्या कायम ओळख-क्रमांकाने ओळखायची. तिच्यावर कोणती मॉडेलं अवलंबून आहेत, हे एपीआयला आधी विचारायचं. पहिल्या फेरीत फक्त यादी काढायची आणि ती दुसऱ्या माणसाने वाचायची. फोल्डरची यादी एका वेळी जास्तीत जास्त 200 नोंदी देते, म्हणून शेवटच्या पानापर्यंत जायचं; अर्धी यादी वाचून दिलेली संमती ही संमती नव्हे. हटवण्याची आज्ञा नेहमी खऱ्या वापरकर्त्याच्या नावाने जायला हवी. आणि काम झाल्यावर पुन्हा यादी काढून ताळा करायचा.

पुढे ऑटोडेस्क कन्स्ट्रक्शन क्लाउड आलं, 2022मध्ये फोर्जचं नाव ऑटोडेस्क प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस झालं. पाट्या बदलल्या, हटवण्याची रीत तीच राहिली, याचं मला मनापासून समाधान आहे. इमारत पन्नास-साठ वर्षं उभी राहते. तिचं मॉडेल हटवणारा माणूस पाच वर्षांत दुसरीकडे गेलेला असतो. भिंतीमागे काय आहे हे पुढे कुणाला जाणून घ्यायचं असेल, तर त्याला विचारायला आपण तिथे नसू, आपली नोंद मात्र असायला हवी.

2012च्या त्या फाईलचं नाव मला अजून पाठ आहे. ती काढली गेली याची तेवढीच नोंद उरली आहे, आणि ती माझ्याबरोबर जाईल.