सुपावर नाव नसतं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ईस्टन नावाचं गाव आहे. तिथे 1840च्या दशकात सॅम्युएल फिलिप नावाचा कारागीर बंदुका आणि व्हायोलिनं बनवता बनवता गळाच्या काठ्याही करू लागला. बांबू उभा चिरायचा, त्याच्या पट्ट्या तासायच्या आणि त्या सरसाने जोडून एकसंध काठी करायची, ही त्याची रीत. त्यासाठी लागणारा बांबू हिंदुस्थानातून जहाजाने जाई आणि तिकडे तो ‘कलकत्ता केन’ या नावाने विकला जाई. जाणकारांच्या मते हा मुख्यतः आपला भरीव बांबू, म्हणजे मानवेल. किनवटच्या आणि विदर्भाच्या जंगलात वाढणारा, मराठवाड्यातले बुरूड पिढ्यानपिढ्या चिरत आले तोच.

छत्रपती संभाजीनगरात बसून या काठीचा मागोवा घ्यावासा वाटतो तो यामुळे. एकाच जातीच्या बांबूवर दोन ठिकाणी हात चालले. एका ठिकाणच्या हातांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. दुसऱ्या ठिकाणची ठाऊक नाहीत.

आधी काठीविषयी. तिला फ्लाय रॉड म्हणतात आणि तिच्या गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. पिसं आणि रेशीम बांधून केलेली खोटी माशी लावतात. तिला वजन नसतं, म्हणून फेकायची असते ती दोरी, आणि दोरीला जोर द्यायचा तो काठीच्या लवण्याने. म्हणून काठी बुडापासून टोकापर्यंत बारीक होत जावी लागते, तीही ठरलेल्या मापाने. कारागीर सुमारे बारा फुटांचा बांबू चिरतो, गाठी तापवून दाबतो, वाकड्या पट्ट्या उष्णतेवर सरळ करतो. मग पोलादी साच्यात ठेवून प्रत्येक पट्टी रंध्याने त्रिकोणी तासतो. इथे इंचाच्या हजाराव्या भागाचा हिशेब चालतो. अशा सहा पट्ट्या जुळल्या की षटकोनी काठी होते. शेजारच्या पट्ट्यांच्या गाठी एका रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर काठी तिथेच दगा देते. आणि बांबूच्या सालीकडच्या बाजूला रंधा लावायचा नाही, कारण सगळं बळ सालीलगतच्या दाट तंतूंत असतं.

हे शेवटचं कोणत्याही बुरडाला शिकवावं लागणार नाही. पाठीची बेळ, म्हणजे सालीकडची पातळ पट्टी, आणि पोटाची बेळ तो वेगळी काढतो. सालीची चिवट बेळ काठाला आणि जिथे ओझं पेलायचं तिथे, पोटाकडची मऊ बेळ भरणीला. पेर केवढं आहे, गाठ कुठे येईल, बांबू ओला आहे की वाळत चाललाय, हे तो कोयता उचलण्याआधी बघतो. साचा नाही, मोजपट्टी नाही. बोटांत कामटी धरून तो जाडी ठरवतो. ही बुद्धी गणिताचीच आहे, एवढंच की ती कागदावर कधी उतरली नाही.

काठीची मात्र उतरली. हायरम लिओनार्डने मेन राज्यातल्या बँगोर गावी 1870च्या दशकात सहा पट्ट्यांच्या काठ्यांचा कारखाना काढला आणि पट्ट्या तासणारं यंत्र बसवलं. ते यंत्र तो कुलपाआड ठेवी. तरी त्याच्याच हाताखाली शिकलेले पेन, थॉमस, एडवर्ड्‌स बाहेर पडले, त्यांनी आपापली दुकानं थाटली आणि काठीवर आपापलं नाव घातलं. पुढे भारतातला बांबू मागे पडला. चीनच्या क्वांगतुंग प्रांतातल्या बांबूची पेरं लांब, तंतू अधिक दाट. ‘टोंकिन केन’ या नावाने त्याने बाजार घेतला आणि 1931 साली मॅक्ल्यूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. मग 1950च्या डिसेंबरात, कोरियाच्या युद्धात, अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला. बांबू येईना. तोवर काचतंतूची स्वस्त काठी बाजारात आलीच होती. बांबूच्या काठीचा धंदा बसला.

पण कला बुडाली नाही, आणि ती का तगली हेच मला महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कजवळ एव्हरेट गॅरिसन नावाचा अभियंता होता. काठी लवते तेव्हा कुठल्या भागावर किती ताण येतो याचं गणित मांडून तो काठ्या करी. होगी कारमायकेल या तरुणाने त्याच्याजवळ बसून ते सारं टिपून घेतलं. 1975मध्ये गॅरिसन गेला आणि 1977मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघालं: मापं, साचे, चुका, सगळं त्यात आहे. ज्यांना शिकवायला घरात कोणी नव्हतं असे कित्येक जण ते उघडून काठ्या करायला शिकले.

याच काळात आपल्याकडे काय झालं? बुरडांचं गिऱ्हाईक शेतकरी होता. ज्वारी साठवायला कणगी, बैलगाडीला तट्ट्या, मळ्यात हारे, खळ्यावर सूप, घरात रोवळी, दुरडी, परडी. प्लॅस्टिकने हा धंदा बुडवला असं आपण सहज म्हणतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मराठवाड्यात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. सोयाबीन घरात साठवून खात नाहीत, ते मळणीयंत्रातून थेट आडतीवर जातं, तेव्हा कणगीची गरजच उरली नाही. बैलगाडी गेली, तट्ट्या गेल्या. बाजार समितीत प्लॅस्टिकचे क्रेट आले. शहराभोवती चिकलठाणा, वाळूज इथे कारखाने उभे राहिले आणि महिन्याच्या पगाराने तरुणांना तिकडे ओढलं. ते योग्यच झालं. उरलं ते सणाचं सूप, लग्नाची दुरडी, पाडव्याची काठी आणि तिरडीचा बांबू.

कायद्यानेही फार उशीर केला. 1927च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजला होता. त्यामुळे रानाबाहेरचा बांबू तोडायला, वाहून न्यायलाही परवान्याची कटकट. 2017मध्ये दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. त्याआधी 2011मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या रानातला बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवला होता. मेळघाटात लवादा इथे सुनील देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला सरकारी बांबू प्रशिक्षण केंद्र झालं, आणि लातूरकडे पाशा पटेल बांबू लागवडीसाठी झटत आहेत. मात्र या साऱ्यात बांबूचं पीक आणि बांबूच्या नव्या वस्तू पुढे आहेत. जुन्या हातात जे ज्ञान आहे त्याच्याकडे कमी लक्ष जातं.

बुरूड समाज आपली परंपरा बाराव्या शतकातल्या केतय्यांपर्यंत नेतो. बसवकल्याणच्या शरणांपैकी, म्हणजे बसवेश्वरांच्या अनुयायांपैकी, ते एक, धंदा बांबूकामाचा. बसवेश्वरांच्या मेळ्यात या कामाला श्रमाची प्रतिष्ठा होती. आज तशी प्रतिष्ठा कापडाच्या वाट्याला आली: पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हिमरू कापडावर या शहरात लोक अभिमानाने बोलतात, आणि ते रास्तच आहे. राजवाड्यात गेलेल्या कापडाची नोंद राहते. खळ्यावर झिजलेल्या सुपाची राहत नाही.

ती नोंद करता येईल. सूप विणताना किती बेळी उभ्या, किती आडव्या, किती जाड. काठ कसा वळवतात. कुठल्या महिन्यात तोडलेला बांबू किडत नाही. तट्ट्याची वीण आणि कणगीची वीण यांत फरक काय. कोयत्याची धार कशी ठेवतात. जुने कारागीर अजून काम करत आहेत. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, वास्तुकला आणि डिझाइन शिकणारी मुलं आहेत. त्यांनी वही, मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन बुरडांच्या अंगणात बसावं, त्या वेळेची मजुरी कारागिराला द्यावी, आणि जे पुस्तक होईल त्यावर पहिलं नाव त्या कारागिराचं छापावं.