निपाह आणि वटवाघळे: उष्टे फळ खावे का?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (एनआयव्ही) मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतील वटवाघळांचे नमुने घेतले. काहींमध्ये निपाह विषाणूचे अंश आणि अँटीबॉडीज आढळल्या.

मग नीराकाठच्या अकलूजकरांनी घाबरायचे का? नाही. वटवाघळात विषाणू सापडला म्हणजे माणसांत साथ आली, असे नव्हे. मात्र त्यांच्या लाळेतून, लघवीतून तो फळांवर येऊ शकतो. केरळात २०१८ मध्ये निपाहने १७ बळी घेतले होते.

काय करावे?
- कुरतडलेला पेरू, चिकू, आंबा टाकून द्या.
- चांगली फळे धुऊन, सोलून खा.
- मेलेल्या वटवाघळाला हात लावू नका.
- झाडावरची वस्ती हुसकावू नका. ताण आला की त्यांच्या शरीरातून विषाणू जास्त बाहेर पडू शकतात, असे संशोधक सांगतात.