दिवे लागतात, पण गाडी सुरू होत नाही

पेठच्या पावसात उभी असलेली जीप सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसती ‘टक्’ करते. दुपारी मात्र निमूट सुरू होते. दिवे लख्ख लागतात, म्हणून बॅटरीकडचे सारे ठीक मानून लोक स्टार्टर उघडायला निघतात. आम्ही आधी बॅटरीची टोके पाहतो.

टोक व तारेची पकड यांमध्ये पांढरट-हिरवट क्षार साचला, की तेथे रोध निर्माण होतो. समजा तो ०.०२ ओहम आहे. पुढचे दोन दिवे साधारण १० अँपिअर घेतात. त्या जोडावर ०.२ व्होल्ट खर्च होतात. डोळ्याला पत्ताही लागत नाही. स्टार्टरने १५० अँपिअर ओढले, तर तेथेच ३ व्होल्ट जातात, तेही १२ पैकी! नाशिक रस्त्यावरच्या धक्क्यांनी पकड जराशी सरकते, रोध बदलतो आणि मेकॅनिकसमोर गाडी शहाण्यासारखी वागते.

म्हणून तपासणी बिघाड हजर असतानाच करावी. गिअर न्यूट्रलमध्ये, हातब्रेक ओढलेला. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या शिशाच्या टोकावर, दुसरी पकडीवर धरावी व दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगावे. व्होल्टभर दिसले, तर ऋण तार आधी सोडवून टोके घासावीत. शून्याजवळच राहिले, तर दोष पुढे, अर्थिंगच्या जोडात किंवा स्टार्टरच्या स्विचमध्ये शोधावा.