जुन्या हेडफोनचा वास कसा घालवावा?



आपली मुले शिकायला नागपुरात राहतात आणि पैसे वाचवायला सीताबर्डीवरून जुना हेडफोन घेतात. त्याला कधी घामाचा, कधी खर्‍याचा वास येतो. मग पोरे त्यावर अत्तर मारतात. तसे करू नये. काणीचा पट्टा कापला तरी बेणे रोगट असल्यास काणी पुन्हा येतेच ना? तसेच हे.

वासाचे घर म्हणजे कानावरची गादी. आतल्या स्पंजात घाम व अंगाचे तेल मुरते, त्यावर जंतू वाढतात. गादी निघत असेल तर नवी बसवावी, हाच खात्रीचा इलाज. ज्याचा कान वाहतो त्याने तर दुसर्‍याची गादी वापरूच नये. नवी मिळत नसल्यास साबणाच्या कोमट पाण्यात फडके भिजवून, घट्ट पिळून पुसावे व सावलीत वाळवावे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात चिकटवलेले भाग सुटतात, रेक्झिन तडकते.

वायरचे वेगळे आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले तेलकट द्रव्य काही वर्षांनी वर येते, वायर चिकट होते व वास धरते. औषधाच्या दुकानातले स्पिरिट कापसावर घेऊन ती पुसावी. डिस्टिलरीतले औद्योगिक स्पिरिट कोणी मागू नये, त्यात विषारी द्रव्य मिसळलेले असते. रेक्झिनला मात्र कुठलेच स्पिरिट लावू नका.

शेवटी झाकणाच्या डब्यात वाटीभर खायचा सोडा, किंवा रिफायनरीत साखरेचा रंग काढायला वापरतात तसल्या सक्रिय कोळशाची पुरचुंडी ठेवून तीन-चार दिवस हेडफोन आत ठेवावा. एवढ्यानेही वायर चिकटच राहिली, तर ती बदलावी.