विश्लेषण : जुन्या फोटोत पणजीचे कुंकू काळे का दिसते?

जालना, अंबड, भोकरदनकडच्या एखाद्या जुन्या घरात भिंतीवर असा कृष्णधवल फोटो दिसतो : खुर्चीत पणजोबा, शेजारी पणजी आणि तिच्या कपाळावर काळेभोर कुंकू. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर चांदीच्या क्षारांचा थर असे. त्याला निळा प्रकाश चटकन जाणवायचा, लाल जवळपास नाहीच. त्यामुळे कुंकू आणि लाल लुगडे काळे उमटायचे, निळे आकाश पांढरे पडायचे. सगळे रंग टिपणाऱ्या फिल्म पुढे आल्या, तेव्हा हा घोळ मिटला.

कॅमेरा कसा होता?

तीन पायांवर लाकडी पेटी, पुढे भिंग, मागे घासलेली काच. फोटोग्राफर काळ्या कापडात डोके घालून काचेवरचे उलटे चित्र पाही. मग प्लेट बसवून भिंगाचे झाकण काढायचे आणि पुन्हा लावायचे. तेवढा वेळ कुणी हलायचे नाही. फोटोतली माणसे इतकी गंभीर का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. उरलेले अर्धे बहुधा संकोचाचे.

परपुरुषासमोर बायका बसत?

पडद्यातल्या बायकांचा तर प्रश्नच नव्हता. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी ‘जनाना स्टुडिओ’ उघडला. भोवती उंच भिंती आणि कारभार श्रीमती केनी-लेविक या बाईंकडे. घरातली स्त्री निवांतपणे कॅमेऱ्यासमोर बसू शकली ती अशी.

अर्थात ही सोय पैसेवाल्यांची. दीनदयाळ यांच्याच नावावर १८९९-१९०० च्या दुष्काळातील औरंगाबाद जिल्ह्याच्या मदतकार्याची छायाचित्रेही आहेत. ती आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १ मे १९८१ पर्यंत जालना याच जिल्ह्याचा भाग होता. म्हणजे सरदाराघरची स्त्री फोटोत आली ती हौसेने, तर आपल्याकडचा गरीब माणूस आला तो भुकेमुळे.

हे सारे टिकले का?

दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये घेतल्या. गावोगावच्या स्टुडिओंच्या प्लेटना असा वाली क्वचितच मिळाला.

घरात प्लेट सापडली तर?

ओल्या फडक्याने पुसू नका, थर निघून येतो. कडेने धरा, कागदी पाकिटात घालून उभी ठेवा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. फ्लॅश बंद ठेवून, दिवसाच्या उजेडात, काचेसकट मोबाइलवर टिपा. सुट्या फोटोच्या पाठीमागे मऊ पेन्सिलने नावे लिहा. ती नावे माहीत असलेली आजी घरात असेल, तर हे काम आधी करा.